पंधराव्या चिपेला ताप

एका जंगलात वाघ होता, बगळा होता, रेडा होता. जंगल म्हटलं की हे सगळे आलेच, त्यात सांगण्यासारखं काही नाही. पण या जंगलात एक कॉम्प्युटरही होता. वाघ म्हातारा होता आणि कॉम्प्युटर वाघाहून म्हातारा होता. फरक इतकाच, की वाघाला कोणी म्हातारा म्हणत नसे.

आता कॉम्प्युटर जंगलात कुठून आला, असं मध्येच विचारू नका. माणसांनी टाकून दिला, जंगलाने उचलून नदीकाठच्या दरबारात ठेवला. टाकलेल्या वस्तू कुठे कुठे जाऊन मानाने बसतात, ते तुम्ही मोठे झालात की बघालच. आणि वीज कुठून यायची, तेही विचारू नका. सरकारी होती. तिला यायला कारण लागत नाही आणि जायलाही लागत नाही.

तर बाळांनो, या जंगलाला दर उन्हाळ्यात वणवा लागायचा. वणव्याआधी सगळ्यांनी नदीपलीकडे जायचं अशी रीत होती. नदी खोल. रेडा एकेकाला पाठीवर घ्यायचा आणि पलीकडे सोडायचा. पूर्वी जो आधी येईल तो चढायचा. मग चेंगराचेंगरी झाली. म्हणून यादी आली. यादी आली ती कॉम्प्युटरात गेली, आणि ठरलं की यादीत ज्याचं नाव पुकारलं जाईल त्यालाच रेडा घेईल.

नदीत मगर होती. तीही कान लावून यादी ऐकायची. यादीतल्याला खाल्लं तर तिला दरबारात जाब द्यावा लागे. यादीत नसलेल्याला खाल्लं तर काही नाही. जो नव्हताच, तो खाल्ला कसा जाईल?

आता कॉम्प्युटरचं सांगते. त्याची स्वतःची आठवण म्हणजे मेमरी फार थोडी होती. आपण कोण, आपल्याला चालू कोणी केलं, एवढं ध्यानात ठेवण्यातच ती संपून जायची. म्हणून वाघाच्या, म्हणजे महाराजांच्या, आजोबांनी त्यात जादा मेमरीचं कार्ड बसवलं होतं. हिरवी पाटी, तिच्यावर वीस काळ्या चिपा, एका ओळीत. एकेक चिप म्हणजे गोमच जशी, दोन्ही बाजूंना पाय. एका चिपेत शंभर नावं मावायची. वीस चिपांत दोन हजार. जंगलाची प्रजाही तेवढीच.

नावं एका फ्लॉपीवर लिहिलेली असायची. मशीन चालू केली की आधी ती आपली मेमरी मोजायची. शंभर, दोनशे, तीनशे, असं करत दोन हजार. मग पिंक करून आवाज यायचा आणि फ्लॉपीवरची नावं एकेक करून कार्डावर येऊन बसायची. पहिलं महाराजांचं. मग हत्ती, मग गवे, मग सांबर. शेवटी उंदीर, चिचुंदऱ्या, साळ्या, लावे, बेडूक. जागा मोठ्यांपासून भरत यायची.

यंदा मशीन चौदाशेवर थांबली.

शंभर, दोनशे करत चौदाशेपर्यंत आली आणि गप्प. पिंक नाही, काही नाही. फ्लॉपीवरची चौदाशे नावं आत गेली आणि सहाशे बाहेर राहिली. दरबारातल्या कोणाच्याही हे ध्यानात आलं नाही, कारण दरबारातले सगळे पहिल्या तीनशेत होते.

ध्यानात आलं ते हौसा चिचुंदरीच्या.

हौसाला पाच पोरं. चिचुंदरीची पोरं कशी चालतात ठाऊक आहे का? पहिलं पोर आईची शेपटी तोंडात धरतं, दुसरं पहिल्याची, तिसरं दुसऱ्याची. अशी माळच्या माळ निघते. मधल्या एकाने तोंड उघडलं की मागची सगळी तिथेच राहतात, आणि पुढच्यांना त्याचा पत्ताही नसतो. म्हणून हौसाचा जीव कायम मागे. दहा पावलं गेली की थांबायची, वळायची, मोजायची. पाच आहेत ना? आहेत. पुन्हा दहा पावलं, पुन्हा मोजायची. शेजारच्या उंदरिणी म्हणायच्या, हौसा, अगं एवढी काळजी करशील तर पोरं मोठी कधी होतील? हौसा म्हणायची, होऊ देत की हळूहळू, मला कुठे घाई आहे.

यादी भिंतीवर लागली तेव्हा हौसा पोरांना घेऊन बघायला गेली. तिचं नाव होतं. चार पोरांचीही होती, चौथ्या पोराचं अगदी शेवटी, चौदाशेव्या नंबरला. त्याच्याखाली भिंत होती. शेंडेफळ बारकीचं नाव कुठेच नव्हतं.

हौसाने तीनदा वाचलं. मग ती बगळेसाहेबांकडे गेली. बगळेसाहेब कॉम्प्युटरचे अधिकारी. पांढरेशुभ्र. कायम एका पायावर उभे, म्हणजे कामात आहेत असं वाटायचं. हौसाने बारकीच्या नोंदणीची पावती पुढे केली. साहेबांनी पावती उलटसुलट बघितली आणि सांगितलं, की पावती बरोबर आहे, पण बारकी नाही.

"साहेब, ही काय शेपटी धरून उभी आहे."

"उभी असेल. उभं असणं वेगळं, असणं वेगळं."

मग त्यांनी समजावून सांगितलं. साहेब समजावून फार छान सांगायचे. मशीनप्रमाणे चौदाशेच्या पुढे जंगल नाही. पूर्वी होतं, ते मान्य. पण मशीन खोटं बोलत नाही. हौसाने विचारलं, की वणवा आल्यावर मी चौघांना घेऊन जाऊ आणि हिला इथे ठेवू का? साहेब म्हणाले, जी नाहीच तिला ठेवायचा प्रश्न येतो कुठे? बाई, तुम्ही उगाच जिवाला लावून घेता.

हौसा रोज खेपा घालू लागली. साहेबांनाही कंटाळा आला. एवढी ओरड आहे तर बघू तरी काय झालंय, म्हणून त्यांनी दुरुस्ती काढली.

आधी मशीनच्या डाव्या अंगावर थाप मारली. चौदाशे. उजव्या अंगावर मारली. चौदाशे. मग लिंबूमिरची बांधली. मग मशीनवर विणलेला रुमाल घातला, गेल्या वर्षी घातला होता तेव्हा ठीक चालली होती म्हणून. मग टेबल बदललं. नव्या टेबलावर चौदाशे हा आकडा जरा ठळक दिसू लागला.

झाकण मात्र कोणी उघडलं नाही.

त्याला कारण होतं. दरबारात नियमच होता, की ज्याने झाकण उघडलं, बिघाड त्याचा. पूर्वी एका अस्वलाने भाबडेपणाने उघडलं होतं. आत एक स्क्रू सैल होता, तो त्याने पिळला आणि मशीन चालू झाली. तेव्हापासून दरबारात काहीही बिघडलं, छप्पर गळालं तरी, नोटीस अस्वलाला जायची. शेवटी ते बिचारं डोंगरापलीकडे राहायला गेलं. नोटिसा तिकडेही जातात.

मग शेजारच्या जंगलातून हुप्पे इंजिनियर आले. वानराची जात, मोठं शिक्षण. त्यांनी मशीनला चारी बाजूंनी प्रदक्षिणा घातली, वर बसून पाहिलं, चहा घेतला, झाकणाकडे दोनदा पाहून नजर वळवली. मग अहवाल लिहिला. मशीन आणि कार्ड निर्दोष आहेत. दोष जागेचा आहे. दक्षिणेला तोंड असल्यामुळे आठवण राहत नाही.

मशीन पूर्वेला फिरवली. चौदाशे.

तेव्हा हुप्प्यांनी अहवालाला पुरवणी जोडली, की चौदाशे ही या जंगलाची नैसर्गिक मर्यादाच दिसते. हे मात्र सगळ्यांना पटलं. बगळेसाहेबांनी तर महाराजांना कळवलं, की एका वर्षात प्रजा सहाशेने आटोक्यात आणली आहे. महाराजांनी त्यांना पदक दिलं.

मागच्या सहाशेंचं काय, म्हणता? लाव्यांनी नवस बोलला. साळ्या म्हणाल्या, आपलं नशीब. बेडकांनी निवेदन दिलं, पण सगळे एकदम बोलल्यामुळे त्यातलं काही कळलं नाही.

हौसा घरी आली. तिच्या डोक्यातून एक गोष्ट जाईना. मशीन चौदाशेवरच का थांबते? तेराशेवर का नाही? आणि पुढची सहाशेच्या सहाशे कशी गेली? तिने पोरांच्या माळेकडे पाहिलं. आणि तिला कळलं. माळ अशीच तर तुटते. मागच्यांचा काही दोष नसतो. मधल्या एकाने तोंड उघडलेलं असतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी साहेबांनी मशीन बंद केली आणि ते जेवायला गेले. हौसाने पोरांना टेबलाच्या पायाशी बसवलं, हलायचं नाही म्हणून बजावलं. मशीनच्या मागच्या बाजूला पत्र्याची एक पट्टी निखळून पडली होती, तिथे फट होती. हौसा त्या फटीतून आत शिरली. झाकण काही तिने उघडलं नाही. नियम पाळणारी होती ती.

आत धूळ होती आणि कोंदट ऊब. कार्ड उभं होतं आणि त्यावर वीस चिपा, एका ओळीत, झोपलेल्या पोरांसारख्या. आजारी पोर ओळखायला हौसाला इंजिनियर लागत नव्हता. रोज रात्री ती तेच करायची. पहिल्या चिपेला नाक लावलं. कोमट. दुसरीला लावलं. कोमट. अशी चौदा झाली. पंधराव्या चिपेला नाक लावलं आणि चटकन मागे घेतलं. चांगली फणफणली होती.

हौसाने तिच्या पायांतली धूळ शेपटीने झाडली. नीट दाबून बसवली. मग बाहेर येऊन साहेब जेवून यायची वाट बघत बसली. साहेबांनी येऊन मशीन लावली. चौदाशे. म्हणजे दुखणं धुळीचं नव्हतं. हौसाने सांगितलं, की साहेब, कार्डावरची पंधरावी चिप तापलीये, तिच्यापाशी माळ तुटते.

साहेबांनी पहिला प्रश्न विचारला, की झाकण उघडलं का? नाही, म्हणाली. मग साहेब हसले. झाकण उघडलेलं नाही, म्हणजे तपासणी झालेली नाही. तपासणी झालेली नाही, म्हणजे चिप तापलेली नाही. आणि तापली असली तरी तो जागेचा दोष, तसं अहवालातच आहे.

"आणि दुसरी चिप नसेलच आपल्याकडे?" हौसाने विचारलं.

"आहे की. डबाभर आहेत, माझ्या कपाटात."

"मग?"

"वरून हुकूम आल्याशिवाय डबा उघडता येत नाही."

"वरून हुकूम कधी येतो, साहेब?"

"वरच्यांना अडलं की येतो."

साहेब हे सहज बोलले. त्यात लपवण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटलंच नाही. हौसाने मान डोलावली, पोरं मोजली आणि घरी गेली.

तिसऱ्या दिवशी दुपारी ती पुन्हा आत शिरली.

तिला आधी नक्की करायचं होतं, की दोष जागेचा की चिपेचा. घरीही ती असंच करायची. माळेत एखादं पोर रडायला लागलं की त्याला उचलून दुसऱ्या जागी लावायची. रडं त्याच्याबरोबर गेलं तर पोर आजारी. रडं तिथेच राहिलं तर त्या जागी काटा आहे. तेव्हा चिपांची अदलाबदल करायची हे तर ठरलंच. आता पंधरावीशी बदलायला सोळावी अगदी शेजारीच होती. कमी कष्टाचं काम.

हौसाने सोळावीकडे पाहिलं. मग तिने मान वळवून ओळीच्या दुसऱ्या टोकाला, पहिल्या चिपेकडे पाहिलं. जिच्यात पहिलं नाव महाराजांचं होतं.

चिप उपटणं सोपं नसतं बरं का. दोन्ही बाजूंना आठ-आठ पाय. एक जरी मोडला तर चिप कायमची लंगडी. हौसाने दात हलकेच खाली घातले, एकदा या कडेने उचकलं, एकदा त्या कडेने. पहिली निघाली. पंधरावी निघाली. तिचा एक पाय वाकला होता, तो हौसाने ओठांनी सरळ केला. प्रत्येक चिपेच्या एका टोकाला कान टोचल्यासारखी बारीक खाच होती. बाकीच्या सगळ्यांच्या खाचा वर होत्या, म्हणून हौसाने या दोघींच्याही वर ठेवल्या. पहिलीच्या जागी पंधरावी, पंधरावीच्या जागी पहिली. नीट दाबून बसवल्या आणि बाहेर आली. पोरं पाच होती.

दुरुस्ती संपली म्हणून साहेबांनी मशीन पुन्हा लावलीच नाही, आणि दोनच दिवसांत डोंगराच्या मागून धूर दिसला.

सगळं जंगल दरबारापुढे नदीकाठी जमलं. महाराज सगळ्यांच्या पुढे, खांद्यावर शाल. त्यांना पोहता यायचं, पण राजाने सगळ्यांदेखत ओलं होणं बरं दिसत नाही. रेडा पाण्यात पाठ देऊन उभा होता. मगर डोळे मिटून ऐकत होती. हौसा मागे, सहाशे नसलेल्यांच्या घोळक्यात, माळ धरून उभी. चौघांची नावं असूनही ती पुढे गेली नव्हती.

बगळेसाहेबांनी पदक सरळ केलं आणि मशीन लावली. सगळे पडद्याकडे बघू लागले.

पडद्यावर शून्य आलं. आणि ते शून्य तिथेच राहिलं.

साहेबांनी थाप मारली. शून्य. रुमाल काढला, घातला. शून्य. महाराजांनी विचारलं, की काय म्हणते मशीन? साहेबांनी दुसरा पायही खाली टेकवला. त्यांना दोन पाय आहेत हे जंगलाने पहिल्यांदाच पाहिलं.

"मशीनप्रमाणे," साहेब म्हणाले, "जंगलात कोणी नाही, महाराज."

"मी?"

"मशीनप्रमाणे..."

महाराजांनी हुप्प्यांकडे पाहिलं. हुप्पे घाईने म्हणाले, की ही जंगलाची नैसर्गिक मर्यादा असू शकते. मग महाराजांचं तोंड बघून त्यांनी अहवाल पाठीमागे लपवला.

महाराज रेड्याकडे वळले आणि पाठीवर पाय ठेवू लागले. रेडा बाजूला सरकला. तो उद्धट नव्हता, बाळांनो. अगदी नम्रपणे म्हणाला, की महाराज, नाव पुकारू द्या, लगेच घेतो. तुमच्याच आजोबांचा नियम आहे.

तेवढ्यात मगरीने एक डोळा उघडला. यादीत कोणीच नाही हे तिने ऐकलं होतं. ती हळूच काठाकडे सरकली आणि महाराजांकडे, शाल वगळून, नीट बघू लागली.

मग काय झालं म्हणून सांगू. सात आठवडे जे होत नव्हतं ते डोळ्याचं पातं लवायच्या आत झालं. महाराजांनी स्वतःच्या नखाने झाकण उचकटलं. नियमाप्रमाणे बिघाड महाराजांचा झाला. म्हणून लगोलग दवंडी पिटली, की आजपासून बिघाड कोणाचाच नसतो. आता हुप्प्यांना आत बघावं लागलं. त्यांनी खूप वेळ बघितलं. वीस काळ्या चिपा, सगळ्या सारख्या. धूर झाडांच्या शेंड्यावर आला.

"हात लावून बघा," मागून हौसा म्हणाली. "ताप कोणाला आहे ते कळेल."

हुप्प्यांनी पहिल्याच चिपेला बोट लावलं आणि ते बोट तोंडात घातलं. कपाटातला डबा आला. त्याला हुकूम लागला नाही, किल्लीही लागली नाही, नुसता आपटला. आत डझनभर नव्या चिपा होत्या. एक बसवली. मशीन लावली.

शंभर. दोनशे. तीनशे. हौसा मनातल्या मनात मोजत होती. तेराशे. चौदाशे. तिने डोळे मिटले. पंधराशे. सोळाशे. दोन हजार. पिंक.

मगरीने डोळा मिटून घेतला.

नावं पुकारायला सुरुवात झाली. महाराज गेले, हत्ती पाण्यात उतरले, गवे गेले. धुराने साहेबांचा घसा बसला, पिसं करडी झाली, तरी त्यांना थांबता येईना. हौसाचं नाव आलं, पोरांची आली. मग साहेब खोकले आणि म्हणाले, "चौदाशे एक. बारकी." रेड्याने पाठ खाली केली. सहाही जणं चढली. पाण्याच्या मध्यावर हौसाने एकदा मागे वळून मोजलं. मग पलीकडे पोचेपर्यंत तिने मोजलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा. त्यांच्या मागून साळ्या आल्या, लावे आले, बेडूक आले, शेवटचा बेडूक मशीनवर बसून आला तेव्हा अलीकडचा काठ पेटला होता.

नदीपलीकडे दुसऱ्याच दिवशी चौकशी बसली. हुप्पे इंजिनियरांना अचूक निदानाबद्दल बक्षीस मिळालं. बगळेसाहेबांना दुसरं पदक मिळालं, एका क्षणात प्रजा शून्यावरून दोन हजारांवर नेल्याबद्दल. चिपेला ताप कशाने आला, याची चौकशी झाली नाही. महाराजांच्या चिपेला कशाने आला, याची झाली. आणि असा प्रसंग पुन्हा येऊ नये म्हणून ठरलं, की पुढच्या वर्षीपासून महाराजांसाठी वेगळं कार्ड घ्यायचं. त्यात दुसऱ्या कोणाचंही नाव नाही. म्हणजे खालच्यांच्या चिपा बिघडल्या तरी वर झळ लागणार नाही.

ही दवंडी सगळ्यांनी ऐकली आणि टाळ्या वाजवल्या. हौसानेही वाजवल्या. मग ती माळ घेऊन बगळेसाहेबांपाशी गेली आणि तिने एवढंच विचारलं, की साहेब, ते नवं कार्ड मशीनच्या कोणत्या बाजूला बसवणार आहात?

तात्पर्य : लहानाला ताप आला तर वैद्याच्या दारात बसू नये. तो ताप उचलून राजाच्या कपाळी नेऊन ठेवावा. वैद्य धावत येतो, औषध कपाटातच निघतं, आणि झाकण न उघडायचे नियम आपोआप मोडतात. मात्र नियम पाळणाऱ्या मुलांनी हे करताना झाकण उघडू नये, फटीतून जावं.